चंदनाचा कबुलीजबाब

"आवं मास्तर, एवढंच लिवा, की पोरीनं कायबी केल्यालं न्हाई," भरतेशअण्णा आल्या आल्या म्हणाले. अजून पाण्याचा तांब्यासुद्धा तोंडाला लावला नव्हता.

सांगलीजवळच्या आपल्या गावाहून ते एसटीनं कोरेगावला माझ्याकडं आले होते. बरोबर मुलगी चंदना. ती रशियात डॉक्टरकीच्या पाचव्या वर्षाला होती आणि महिन्यापूर्वी विद्यापीठानं तिचं नाव कमी केलं होतं. मी तरुणपणी वायुसेनेत विमानदुरुस्तीवर असताना रशियन शिकलो, पुढं शाळेत मास्तरकी केली. रशियन कागद वाचणारा दुसरा कुणी त्यांना जवळपास मिळाला नाही. अपिलाची मुदत चार दिवसांत संपत होती. ती हुकली असती, तर चार वर्षांचं शिक्षण पाण्यात.

त्यांनी दोन कागद पुढं ठेवले. एक मूळ रशियन हुकूम आणि दुसरं त्याचं इंग्रजी, मुलं परदेशी पाठवणाऱ्या कुठल्याशा एजंटानं करून दिलेलं. इंग्रजीत तीनदा 'क्राइम' आणि पाचदा 'गिल्टी' होतं. ते वाचून चंदना घाबरली होती आणि तिनं इंग्रजीत अपील लिहिलं होतं : मी गुन्हेगार नाही, मी काहीच केलेलं नाही. ते मी रशियनमध्ये करून द्यायचं होतं.

मी आधी हुकूम सावकाश वाचला. त्यात गुन्हा कुठंच नव्हता. फौजदारी गुन्ह्याला रशियनमध्ये एक शब्द आहे आणि शिस्त मोडण्याला दुसरा, 'प्रस्तूपक'. हुकमात प्रस्तूपकच होता. इंग्रजीत त्याला फार तर 'मिसकंडक्ट' म्हणावं. 'वीना' हा शब्दही होता. वीना म्हणजे दोष, आणि तिथला कायदा या दोषाचे दोन भाग करतो. जाणूनबुजून केलं तो 'ऊमिसेल', आणि निष्काळजीपणानं झालं तो दुसरा. एजंटानं दोन्हींना एकाच 'गिल्टी'त कोंबलं होतं. पण खरी अडचण एजंटाची नव्हतीच. विद्यापीठानंच चंदनाच्या नावापुढं पहिला भाग लिहिला होता.

"हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आग तू मुद्दाम लागू दिलीस, असं यात आहे," मी म्हणालो.

"मुद्दाम? मास्तर, भात करपला हो! धूर झाला, पडदा जळला, एक भिंत काळी झाली."

"तुझ्याच लेखी कबुलीवरून हे ठरवलं, असंही आहे. काय लिहून दिलंस?"

तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. मराठीत विचार करून मोबाइलकडून रशियन करून घेतलेलं ते पत्र होतं. मी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. 'माझ्याकडून जाणूनबुजून आणि नकळत, मनानं, वाचेनं आणि शरीरानं जे जे अपराध झाले, ते सर्व मी कबूल करते. सर्वांनी मला क्षमा करावी.'

"त्या दिवशी क्षमावाणी होती," ती हळूच म्हणाली.

पर्युषण संपलं, की जैन घरांत क्षमावाणीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात. थोरला धाकट्याची मागतो, सासू सुनेची मागते. केलेलं, न केलेलं, आठवणारं, न आठवणारं सगळं एका वाक्यात घालून हात जोडायचे. समोरचाही तेच म्हणतो आणि विषय मिटतो.

"मला वाटलं, हॉस्टेलच्या मॅडमपण तसंच म्हणतील," चंदना म्हणाली. "आमच्याकडं आसं म्हटल्यावर पुढं कोण भांडतंय?"

मॅडमनी ते पत्र फाइलला लावून वर पाठवलं होतं.

"झालं तर मग!" अण्णा सरसावून बसले. "लिवा, ते धर्माचं हुतं, कबुली न्हवं. आन शेगडी बिघडल्याली हुती, म्हणून टाका."

"बिघडली होती का गं?"

चंदनानं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. तेवढ्यात शिकवणीची मुलं ओसरीवर जमली. मी तिला तसंच बसू दिलं आणि मुलांना विचारलं, "समजा, राणीनं गॅसवर दूध ठेवलं आणि फोनवर बोलत बसली. दूध उतू गेलं. दोष कुणाचा?"

"फोनचा!" एकजण ओरडला. सगळी हसली.

"आवं मास्तर, दरखेपी माझंच नाव का घेताय?" राणी फणकारली. मग जरा विचार करून म्हणाली, "दोष माझाच की. पन मी काय मुद्दाम सांडलं व्हय?"

चंदना आतून म्हणाली, "शेगडी चांगली होती, मास्तर. आज्जीचा फोन आला, क्षमा मागायला. मी वीस मिनिटं बाहेर होते. बंद करायचं राहिलं."

"आगं, गप की!" अण्णा म्हणाले.

"का गप, अण्णा? उद्या माझ्या हातनं पेशंटला औषध चुकलं, तर तवाबी शेगडीच बिघडली म्हणू?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझं तू बघ," म्हणाले. पण उठून गेले नाहीत.

पुढचे दोन दिवस दोघं माझ्याकडंच राहिले आणि आम्ही नव्या अपिलावर बसलो. एका वहीत तीन रकाने आखले, रशियन, इंग्रजी, मराठी. मी तिला अपील लिहून दिलं नाही. एकेक शब्द तिच्याकडून काढून घेतला. "तिथं विचारतील तेव्हा मी तुझ्या तोंडात बसणार नाही," असं तिला बजावलं. ती चिडायची, पान फाडायची, पुन्हा लिहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी अपील पाठवलं. दोष मान्य, निष्काळजीपणा मान्य, हेतू अमान्य. क्षमावाणीचं वाक्य काय असतं आणि कधी म्हणतात, तेही खाली सविस्तर लिहिलं.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या समितीनं व्हिडिओवर बोलावलं. आमच्याकडं दुपारचे साडेबारा वाजले होते. पडद्यावर तिघंजण होते. मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही तुमची कबुली मागे घेता आहात का?"

मी वही मिटून बाजूला ठेवली.

"नाही," चंदना रशियनमध्ये म्हणाली. "दोष माझा आहे. मी शेगडी चालू ठेवून गेले. जाणूनबुजून केलं, हा भाग तेवढा मागे घेते. तो खरा नाही."

"पण न केलेल्या गोष्टींचीसुद्धा तुम्ही क्षमा मागता?"

"दरवर्षी."

"कशासाठी?"

हे वहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पडद्याकडं बोट केलं. ती एक शब्द चुकली, थांबली, दुरुस्त केला आणि म्हणाली, "मला आठवत नाही, म्हणून मी कुणाला दुखवलंच नाही, असं होत नाही."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

नवा हुकूम बारा दिवसांनी आला. अण्णांनी तो माझ्याकडं दिला, मी चंदनाकडं दिला. तिनं मोठ्यानं वाचत मराठीत सांगितलं. काढून टाकण्याचा हुकूम रद्द. निष्काळजीपणाबद्दल कडक ताकीद. बुडालेलं सत्र पुन्हा करायचं.

"कडक म्हंजे कसली?" अण्णांनी विचारलं.

"पुन्यांदा आसं काय झालं, तर घरी पाठवतील. आन ही ताकीद शेवटपर्यंत फाइलला राहणार."

"राहू दे. जायचं कवा?"

"वर्ग फेब्रुवारीत. पण व्हिसाचे कागद सोमवारीच वकिलातीत जाऊन भरायचे, अण्णा. रविवारीच निघाय पायजे."