भरल्या बाजारातली दवंडी

मी हरिबाची हलगी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, कडाडतेय! हळू बोलणं माझ्या स्वभावात नाही. लोखंडी कडं आणि त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, एवढाच माझा जीव. पण जाळावर शेकून घेतलं की निम्मं गाव दारात येऊन उभं राहतं.

लग्नात वाजले, जत्रेत वाजले, पोळ्याला बैलांपुढं नाचले. पण खरा मान दवंडीचा. निजामाच्या अमलात आमच्याकडं जमीन विकायची तर आधी दवंडी लागे. कुणाची हरकत असेल तर त्यानं तेव्हाच बोलायचं. नंतर ऊर बडवून घेतला तरी कोणी दाद देत नसे.

एकदा आमच्या गावच्या आप्पारावांनी मळा विकायला काढला. घेणारे मोहनराव, उमापूरचे. विहिरीचं पाणी बघूनच ते भुलले. "हीर सगळी माझीच," आप्पारावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. धादांत खोटं! ती विहीर त्यांनी आणि धाकट्या भावानं मिळून खांदली होती. भाऊ वारला. त्याची बायको चतुराबाई त्या निम्म्या पाण्यावर मिरची पिकवून पोट भरत होती.

आप्पारावांनी हरिबाला बोलावलं. "उद्या दुपारी गावात दवंडी दे. मळा हिरीसकट विकतोय म्हून सांग."

"उद्या पाटोद्याचा बाजार हाय, मालक. गावात कुत्रंसुदिक नसतंय."

"तुला कशाला पंचाईत बे? वाजली म्हंजी झालं."

आणि दुसऱ्या दिवशी हरिबानं मला ओस गावात वाजवलं. ऐकायला कोण? चार कोंबड्या आणि एक ठार बहिरी म्हातारी! मला इतकी लाज वाटली की कातडं सैल पडल्यासारखं झालं.

हरिबा वेशीत थबकला. वर्षाचं धान्य त्याला आप्पारावांच्या खळ्यावरून मिळायचं. ते बंद झालं तर घरची चूल विझणार. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मला खांद्यावर टाकलं आणि पाटोद्याची वाट धरली. नुसता चालला नाही हो, पळाला!

बाजार तुडुंब भरला होता. जिलबीवाल्याच्या भट्टीवर त्यानं मला शेकलं आणि असा टोला हाणला की भाव करणारे भाव विसरले.

"ऐका होऽऽ! आप्पारावांचा मळा हिरीसकट इकला जातोय! कुनाची हरकत हाय काऽऽ?"

मिरच्यांच्या ढिगामागून चतुराबाई ताडकन उठली. "हाय! माजी हाय! निम्मी हीर माज्या मालकानं खांदल्याली हाय!"

"खरं हाय! आमी बघितलंय!" आमचं सगळं गाव एका आवाजात ओरडलं.

आप्पाराव मोहनरावांबरोबर बैलबाजारात होते. तिथून ते धावत आले. "बंद कर बे! तुला गावात वाजवाया सांगितलं व्हतं!"

"वाजवली की, मालक. पन गाव तर हितं हाय!"

बाजार खदखदून हसला. मोहनराव मात्र हसले नाहीत. "आप्पाराव, बाई म्हनती ते खरं हाय का?"

आप्पारावांची मान खाली गेली. आता सौदा मोडणार, असं मला वाटलं. पण मोहनराव म्हणाले, "मळा मी घेतो, पन निम्म्या हिरीचा. भाव बी तसाच उतरंल. मला तितं जलमभर पानी वढायचंय, या बाईचे तळतळाट न्हाई. हरिबा, फिरून वाजीव. आता खरं सांग."

काय वाजले म्हणून सांगू! 'निम्मी हीर चतुराबाईची होऽऽ' म्हणत हरिबानं सगळ्या बाजाराला फेरी घातली. चतुराबाई पदर तोंडाला लावून रडत होती. आणि त्या नादात कडेला माझं कातडं टरकन फाटलं.

आप्पारावांनी त्या सुगीला हरिबाला दाणा दिला नाही. मोहनरावांनी मात्र नव्या मळ्यातली ज्वारी न मागता घरी पाठवली. नियत तशी बरकत, दुसरं काय!

आता ठिगळ लावून मी खुंटीवर असते. तुम्ही जमीन घ्या, विका, सुखानं करा. पण सौद्याच्या दिवशी मला खाली काढा आणि जिथं माणसं असतील तिथं न्या. पार फाटले तरी चालेल, पण ओस गावात मला वाजवू नका.