हिरव्या पट्टीचे पाचवे बटण

मित्रांनो, मी गिटारचे एक जुने पेडल आहे. जुने, जाडजूड आणि स्वभावाने थोडे तुसडे. माझ्या पाठीवर आठ बटणे आहेत, मधोमध काचेची छोटी पाटी आहे आणि उजवीकडे पायाने खालीवर करायची एक पट्टी. वजन सात किलो. ते मी लपवत नाही, कारण ते लपणारे नाही. घरात मला सगळे रणगाडा म्हणतात. सुरुवातीला या नावाचा मला फार राग येई. आता कोणी खोक्यावर छापलेल्या खऱ्या नावाने हाक मारली तर मीच ओ देणार नाही.

माझे काम काय, ते आधी सांगतो. विजेच्या गिटारीचा स्वतःचा आवाज अगदी किडकिडीत असतो. तो मोठा करायला ॲम्प्लिफायर लागतो, आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरचा गळा वेगळा. एक गोड बोलतो, एक घोगरा, एक सारखा भांडायला उठलेला. ते सगळे घेऊन फिरायचे तर टेम्पो लागेल. म्हणून माझ्या पोटात एक लहानसा संगणक बसवला आहे. बटणावर पाय पडला की मी त्यांच्यातल्या एकाची हुबेहूब नक्कल करतो. मला नकलाकार म्हटलेत तरी चालेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. लोखंडी कांडीने त्या माझे प्रत्येक बटण शंभर वेळा दाबत आणि तोंडाने आकडे मोजत. पाचव्या बटणाशी त्यांना शिंक आली आणि मोजणी चुकली, म्हणून ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दाबले. माझे पाचवे बटण सगळ्यांत मऊ आहे ते त्यामुळेच, असे मी धरून चालतो.

तिथून मी एका वाद्यांच्या दुकानात आलो. शेजारी माझेच धाकटे भावंड ठेवले होते. तीन बटणांचे, हाताच्या पंजाएवढे, दप्तरात सहज मावणारे. येणारा जाणारा त्यालाच उचलून बघे. "किती गोंडस आहे!" असे म्हणे. मला उचलायचा प्रयत्न करून लोक परत ठेवत आणि मनगट चोळत. मी मनातून धुमसत होतो, आणि ते पिटुकले माझ्याकडे बघून हसत होते. निदान मला तसे वाटत होते.

मग एका दुपारी एक सुतार आला. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल, आणि पाय असे की आधी पायच आत आले आणि तो मागून आला. त्याच्यासोबत त्याची धाकटी बहीण होती. ती शिवणकाम करायची आणि गायची.

"या दोघांत चांगलं कुठलं?" सुताराने विचारले.

"आवाज दोघांचा सारखाच," दुकानदार म्हणाला. "आतला मेंदू एकच आहे. लहान घेतलंत तर खांद्याला आराम. मोठं घेतलंत तर पायाला आराम. बटणं लांबलांब आहेत, वायरी जोडायला जागा जास्त, आणि पाटीवरची अक्षरं उभ्या उभ्या वाचता येतात."

सुताराने बूट न काढताच पिटुकल्यावर पाय ठेवला. पिटुकले दिसेनासे झाले. बहिणीला हसू आवरेना.

"दादा, हे तू घेतलंस तर ते शोधायलाच एक माणूस ठेवावा लागेल. तो रणगाडा घे!"

अशा रीतीने माझे नामकरण झाले आणि मी विकला गेलो.

मित्रांनो, पुढची नऊ वर्षे माझ्या सुखाची होती. सुतार, त्याची बहीण आणि ड्रम वाजवणारे एक दातांचे डॉक्टर, असे तिघे मिळून दर शनिवारी सकाळी वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात गाणी म्हणत. डॉक्टर इतके जोरात वाजवत की आजोबा लोक आपली कवळी सांभाळत बसत. सुतार मला एका हातात, गिटार दुसऱ्या हातात घेऊन तीन जिने झपाझप उतरे. बहिणीला कशालाही हात लावू देत नसे. "तू फक्त गा. उचलायला मी आहे ना," हे त्याचे ठरलेले वाक्य होते.

माझ्या प्रत्येक बटणाखाली त्याने रंगीत चिकटपट्टी लावली होती. पाचव्याखाली हिरवी. त्या बटणात एकच आवाज साठवला होता आणि तो एकाच गाण्यासाठी होता. गाणे भावानेच रचलेले, खिडकीत बसून वाट बघणाऱ्या कुणाचे. सुरुवातीला गिटार मोठ्याने वाजे, आणि बहिणीचा पहिला शब्द यायच्या क्षणी सुतार पाचवे बटण दाबे. मग गिटार एकदम मागे सरके आणि तिच्या पाठीशी उभी राही. तो आवाज जुळवायला त्याला तीन रविवार लागले होते. मान तिरकी करून तो ऐके आणि पुटपुटे, "अजून थोडी मागे. अजून." ते गाणे सुरू झाले की दिवाणखान्यातले खोकलेही थांबत. मला त्याचा फार अभिमान वाटे. आजही वाटतो.

दिवस सारखे राहत नाहीत. बहिणीच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण गळा पूर्वीचा राहिला नाही. आठ महिने ती गायली नाही. नुसती बोलायची, तीही हळू. त्याच सुमारास कामावर एक अर्धवट जोडलेले कपाट सुताराच्या डाव्या खांद्यावर आले. हाड वाचले, पण आतला स्नायू फाटला. डॉक्टरांनी, दातांच्या नव्हे, खांद्याच्या डॉक्टरांनी, बजावले, "भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही."

हे त्याने बहिणीला सांगितले नाही. ती आधीच खचली होती. उचलायला मी आहे ना, असे इतकी वर्षे म्हणणाऱ्या माणसाला आता उचलवत नाही, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. म्हणून तो गुपचूप दुकानात गेला आणि तसलेच एक पिटुकले घेऊन आला. मला कपाटावर चढवले. मी दातओठ खात वर गेलो म्हणा ना. खरे तर मला उचलताना त्याच्या तोंडून जो कण्हण्याचा आवाज निघाला, तो ऐकून माझा राग तिथेच संपला. पण कपाटावर धूळ फार असते, आणि खालून पिटुकल्याचा आवाज ऐकू येई. आवाज माझाच. तीच नक्कल, तोच गोडवा. हे सहन करणे अवघड होते.

सुतार रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी येई, बूट काढून खुर्चीत बसे आणि पायाच्या अंगठ्याने पिटुकल्याची बटणे दाबण्याचा सराव करी. अंगठा नेमका बसे. एकदाही चुकला नाही. मी वरून बघत होतो आणि मला काहीतरी खटकत होते. पण मला तोंड नाही. मला फक्त स्पीकर लागतो, आणि तो कोणी जोडला नव्हता.

मग बहिणीने एक गाणे म्हणायची तयारी दाखवली. एकच, तेच खिडकीचे. तिने भावाला स्पष्ट सांगितले होते, "जमलं तर गात राहीन. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

त्या शनिवारी काय झाले ते मला पिटुकल्याने सांगितले. कार्यक्रमासाठी सुताराने बुटांना पॉलिश केले होते. दिवाणखाना भरला होता. गिटार सुरू झाली, बहिणीने श्वास घेतला, आणि सुताराने मधल्या बटणावर पाय टाकला, हिरव्या पट्टीचा आवाज आता त्यात होता. बुटासकट. बूट मधल्यावर पडला आणि उजवीकडच्यावरही पडला. आमच्या घराण्यात त्या धाकट्यांची एक रीत आहे. शेजारची दोन बटणे एकदम दाबली की तारा लावायचे यंत्र सुरू होते, आणि तारा लावताना लोकांना कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून सगळा आवाज बंद होतो.

गिटार मुकी झाली. बहीण एकटीच गात राहिली. एक ओळ, दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीत आवाज थरथरला. तिने भावाकडे पाहिले. तो खाली मान घालून उभा होता. खरे तर तो बटणे शोधत होता, पण तिला ते कसे कळावे? तिला वाटले, मी इतकी बेसूर झाले की दादाने वाजवायचे थांबवले. ती गप्प झाली, लोकांना नमस्कार केला आणि बाहेर निघून गेली.

"मी मुद्दाम नाही केलं," पिटुकले कपाटावर माझ्या शेजारी बसून म्हणाले. सुताराने त्यालाही वर ठेवून दिले होते. त्याच्या पाटीवर बुटाचा काळा डाग होता. त्याच्यावर रागवायचे मी इतके महिने ठरवले होते, पण मला ते जमले नाही.

सुताराने तिला सांगून पाहिले, "अगं, पेडलनं घोटाळा केला." तिने ऐकून घेतले आणि मान हलवली. तो लहानपणापासून तिला बरे वाटावे म्हणून खोटे बोलत आला होता, हे तिला ठाऊक होते. आणि तो खोलात शिरायला घाबरत होता, कारण मग मी घरी का राहिलो हा प्रश्न आला असता.

दोन आठवड्यांनी ती गाण्यांची वही परत द्यायला आली. वही टेबलावर ठेवली. जाता जाता तिची नजर वर गेली.

"रणगाडा वर कशाला ठेवलाय? त्या दिवशी तो का नाही नेलास?"

"असंच. जड होतो."

"नऊ वर्षं जड नव्हता?"

सुताराचा उजवा हात नकळत डाव्या खांद्याकडे गेला. तिने त्याच खांद्यावर हात ठेवला. साधाच ठेवला, पण तो कळवळला.

"हे कधी झालं?"

"तुझ्या ऑपरेशननंतर. महिनाभरानं."

"आणि मला सांगायचं नाही? मी काय परकी आहे?" हळू बोलायचे आहे हे ती विसरली. "तू माझं सगळं केलंस, रात्री पाणी दिलंस, औषधं दिलीस, आणि स्वतःचं एवढंसं सांगता येत नाही?"

"तू गायला तयार झाली होतीस, छोटे. म्हटलं, मध्येच माझं रडगाणं नको."

मग तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि आम्हा दोघांना खाली काढले. सुताराने पिटुकल्याला वायरी जोडल्या, बूट घातले आणि तिच्या हातात गिटार दिली. "छेड," तो म्हणाला. तिने तारा छेडल्या. त्याने बूट ठेवला. आवाज गेला. त्याने पाय उचलून परत ठेवला. आवाज आला. तिने पुन्हा छेडले, त्याने पुन्हा बूट टाकला, आवाज पुन्हा गेला. तिने हे सात-आठ वेळा करायला लावले. मग ती खाली फरशीवरच बसली.

"म्हणजे मी बेसूर नव्हते?"

सुताराने जरा विचार केला. "थोडी होतीस. दुसऱ्या ओळीत. पण मी थांबलो नव्हतो."

या वेळी तो खोटे बोलला नाही, म्हणूनच तिला ते खरे वाटले. ती हसली आणि रडलीही. माझ्या अंगावरची धूळ तिने आपल्या ओढणीने पुसली. पाचव्या बटणाखालची हिरवी पट्टी जरा सुटली होती, ती बोटाने दाबून बसवली.

पुढचा रविवार मी विसरणार नाही. तिचा गळा आता खालच्या पट्टीत गेला होता. जुना हिरव्या पट्टीचा आवाज त्याच्यापुढे फार चकचकीत वाटू लागला. सुतार मान तिरकी करून ऐके, मी नक्कल बदले, आणि या वेळी "अजून मागे" असे ती सांगे. एकदा तर ती म्हणाली, "इतकं मागे नको रे. सोबत राहा." संध्याकाळपर्यंत आवाज जुळला आणि साठवायचे बटण तिनेच दाबले.

उचलायचा प्रश्न उरला होता. सुताराने माझ्यासाठी लाकडी पेटी केली. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या. एक त्याच्या उजव्या हाताला, एक तिच्या. पहिल्यांदा जिना उतरताना दोघे इतके भांडले की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून पाहिले. "तू घाई करतेस!" "तू पायरी मोजत बसतोस!" मी आत गदगदत होतो आणि मला फार बरे वाटत होते.

त्या शनिवारी सुताराने पॉलिश केलेला बूट माझ्या पाचव्या बटणावर ठेवला. शेजारी भरपूर जागा होती. गिटार मागे सरकली, आणि ती गायली. आवाज पूर्वीसारखा नव्हता. जाडसर होता, खाली उतरलेला होता, आणि दुसऱ्या ओळीत जरा हललाही. पण ती थांबली नाही. दातांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी इतके हळू वाजवले की आजोबा लोक त्यांच्याकडे वळून बघू लागले.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझे दुसरे बटण कधी लागते, कधी लागत नाही. पिटुकले सुताराच्या कामाच्या बाकाशेजारी असते. त्याच्या बटणांना सुताराने लाकडाच्या लहान उंच टोप्या बसवल्या आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत दोघांचे छान जमते. आमचे भांडण मिटले आहे. लहान चांगले की मोठे, असे तुम्ही मला विचाराल तर मी एवढेच सांगेन, की निवडताना पाय बुटासकट ठेवून बघा आणि खांदा किती उचलतो तेही बघा. आमच्यावरची धूळ पुसा, वायरी ओढून काढू नका. आणि तुमच्या घरात कोणी "उचलायला मी आहे ना" असे म्हणत असेल, तर त्याच्या खांद्याला एकदा हात लावून पाहा.

माझ्या पेटीत वायरींचा एक डबा असतो. तो एका बाजूला ठेवला की ती बाजू जड होते. सुतार तो डबा दर शनिवारी आपल्या बाजूला ठेवतो. मग तो खिडकी लावायला वळतो, आणि तेवढ्यात बहीण पेटी फिरवून ठेवते. तो परत येतो, आपली हलकी झालेली कडी धरतो आणि विचारतो, "पकडलंस?"

"पकडलं," ती म्हणते. आणि आम्ही जिना उतरू लागतो.