बिळं भरेपर्यंत

गुणाबाईने कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि बिळातली निवटी अलगद बाहेर काढली. डोळे वटारून बघणारी, वीतभरही नसलेली ही खाडीतली मासळी एरवी हाताला लागता लागता निसटायची. आज ती तिच्या मुठीत मुकाट बसली. ओहोटी लागून तास झाला नव्हता आणि टोपली काठोकाठ भरली होती.

कामोठ्याच्या जुन्या गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने अशी टोपली बघून देवाला हात जोडले असते. गुणाबाईला मात्र तिची भीती वाटली.

कारण तिच्या काठ्या वेगळंच सांगत होत्या. एक जागा रिकामी केली की तिथे तिवराच्या झाडाची काठी रोवायची, आणि भोवती नवी बिळं दिसेपर्यंत त्या जागेत हात घालायचा नाही, ही तिच्या सासूची शिस्त. पूर्वी अमावस्येला रोवलेली काठी पुनवेला उपटता यायची. मग महिना लागू लागला. यंदा होळीला रोवलेल्या काठीभोवती गणपती आले तरी एक बीळ पडलं नव्हतं. ती लांब लांब जाऊन टोपली भरत होती, म्हणून घरात कुणाला पत्ता नव्हता.

उरणकडे तिच्या माहेरी असंच झालं होतं. एका साली एवढी मासळी निघाली की लोक वाटून वाटून कंटाळले. पुढच्या साली खाडीत नुसता वास उरला. हळूहळू काही नाही, सगळं एका उन्हाळ्यात आटोपलं.

आणि नेमकं हेच वर्ष गाठून कल्पेश नोकरी सोडून खाडीत उतरायला निघाला होता. तिचा एकुलता एक, बंदरातल्या कंटेनर यार्डात नऊ वर्षं काढलेला. राजीनामा फोनवर लिहून तयार होता, आज संध्याकाळी पाठवायचा होता.

"तूच म्हनायचीस ना, घरातलं कोनी खाडीत उतरत नाय म्हनून," तो सकाळीच म्हणाला होता.

म्हणायची खरी, उठता-बसता म्हणायची. आता तिला स्वतःच्या जिभेचा राग येत होता. काठ्यांचं सांगून पाहिलं, तर तो हसला होता.

"टोपली भरलेली हाय आनि तू काठ्या कसल्या बघतेस, आये?"

मग टोपलीच रिकामी न्यायची, असं तिने ठरवलं. चाळीस वर्षांत ती कधी खाडीतून रिकाम्या हाताने घरी गेली नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं, टोपली चिखलावर पालथी केली आणि निवट्या बिळांत दिसेनाशा व्हायची वाट बघत उभी राहिली.

निवट्या तिथेच बसून राहिल्या.

"जा गं बायांनो," ती पुटपुटली. एकीला उचलून तिने बिळाच्या तोंडाशी नेलं आणि बोटाने आत ढकललं. जन्मभर त्यांना बाहेर ओढणारे हात आता त्यांना आत लोटत होते. निवटी आत गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन बसली.

"आये, किती गावल्या?" बांधावरून हाक आली. कल्पेश तिला न्यायला आला होता.

"एक बी नाय."

त्याने रिकाम्या टोपलीकडे पाहिलं, तिच्या चिखलाने माखलेल्या हातांकडे पाहिलं, चपला काढल्या आणि खाली उतरला.

"एवढ्या समोर बसल्यात की. दिसत नाय का तुला?" एकामागून एक निवटी उचलून तो टोपलीत टाकू लागला. लहान मुलासारखा खुश झाला होता. "थकलीस तू. म्हनूनच सांगतो, आता मीच येतो रोज."

खोटं तिच्याच अंगावर उलटलं होतं. तिने त्याच्या हातातल्या मुकाट निवटीकडे पाहिलं आणि विचारलं,

"बारका होतास तवा हितं बांधावरनं टाळी वाजवायचास. काय व्हायचं?"

"सगळ्या बिळात. तू मारायचीस मला त्यापायी."

"वाजव."

त्याने हसत टाळी वाजवली. हात ओले म्हणून आवाज आला नसेल असं वाटून त्याने ते पँटला पुसले आणि पुन्हा, या वेळी जोरात वाजवली. तिवरातला बगळा उडाला. चिखलावरची एकही निवटी हलली नाही.

कल्पेशने हात खाली घेतले. मग वाकून त्याने एकीला बोटाने ढोसलं; ती तिथेच बसून राहिली.

"ती राजीनाम्याची चिठ्ठी पाठवलीस का रे?" गुणाबाईने विचारलं.

"नाय अजून," तो म्हणाला.