खांबाचा वरचा भाग

“ए मैडम, फोटो मत खींचिए!”

वीणानं दचकून मोबाइल खाली घेतला. काशीतल्या ब्रह्माघाटाजवळच्या त्या अरुंद गल्लीत ती समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. दरवाजाची चौकट पूर्ण येत नव्हती आणि मागं सरकायला जागा नव्हती. आतून पंचेचाळिशीचा एक माणूस तरातरा बाहेर आला.

“भैया, मैं तो बस... दरवाजा छान आहे ना, म्हणून...” तिची हिंदी नेहमीसारखी मराठीत घसरली.

“मराठी आहात?” तो थबकला, पण चेहरा सैल झाला नाही. “आम्हीही, पिढ्यांपासून इथलेच. तरी फोटो मिटवून टाका. मागच्या महिन्यात असेच दोघं आले, फोटो घेऊन गेले. आता बगलवाल्यांना, शेजाऱ्यांना, मकान खाली करा, घर सोडा म्हणतायत.”

वीणानं त्याच्यादेखत फोटो पुसले. वाद घालायचं त्राण नव्हतं. आठवडाभर बँकेचं काउंटर, घरी नवऱ्याचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, आणि रविवारी ही वणवण. ती तिथंच पायरीवर बसली.

“यज्ञेश, त्यांना दम लागलाय,” म्हणत त्याची बायको वैदेही पाणी घेऊन आली.

पाणी पिता पिता वीणा बोलत गेली. सुमंत, तिचा नवरा, सांगलीत घरांचे नकाशे काढायचा. तिची बदली इथं झाली तेव्हा तिच्याहून तोच खूश. घाट, देवळं, गल्ल्या, सगळं पायी बघायचं म्हणून नवे बूट घेऊन आला. सामान नीट लागायच्या आत अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. म्हणून ती फोटो काढून नेते.

“आणि ते बघतच नाहीत. ‘मी शहर बघायला आलो होतो, फोटो नव्हे,’ एवढं एकदा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.”

“मग कशाला काढता?” वैदेहीनं विचारलं.

“घराबाहेर पडायला काहीतरी कारण लागतं हो,” वीणा बोलून गेली आणि ओशाळली.

यज्ञेश दारातून बाजूला सरकला. मग म्हणाला, “आत या, ताई. चौकातले खांब बघा. दरवाजात काही नाही, असली काम, खरी कारागिरी, तिथं आहे. पण फोटो कुणाला भेजू नका.”

चौकात वॉशिंग मशीन घरघरत होतं, दोरीवर धोतरं वाळत होती. त्यांच्यामागे नक्षीचे दगडी खांब. वीणानं एक फोटो घेतला. दुसऱ्यासाठी हात वर करवेना.

घरी आल्यावर तिनं सुमंतजवळ बसलेल्या शेजारणीला मोकळं केलं आणि सवयीनं मोबाइल त्याच्या डोळ्यांपुढं धरला. आता हा मान फिरवणार, मग आपण चहा टाकायचा.

मान फिरली नाही.

“वाकडा... आलाय,” सुमंत म्हणाला.

“दमले होते हो. हात हलला.”

“वरचं... कुठंय?”

फोटोत खांब वरून कापला गेला होता. छताला जिथं टेकतो तो भागच नव्हता.

“वर काय होतं? कमळ? की... पोपट?”

वीणानं आठवून पाहिलं. धोतरं आठवली, यज्ञेशचा चेहरा आठवला. “नाही बघितलं,” ती म्हणाली.

“तिथं उभी राहून... बघितलं नाहीस?” किती दिवसांनी तो तिच्यावर चिडला होता.

तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिनं फक्त पाय वर घेतले आणि पलंगाच्या कडेला बसली. सुमंत बराच वेळ त्या अर्धवट खांबाकडे बघत राहिला. मग त्यानं डावा हात उचलला आणि बोटानं चादरीवर रेघ ओढली. खांब वर नेला. कमळाची एक पाकळी काढली, दुसरी काढायला गेला तर बोट भलतीकडेच गेलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली.

बोटाखाली चादर गोळा होत होती. वीणानं वाकून दोन्ही हातांनी ती ताणून धरली.