बर्फाच्या लादीवरचं अंथरूण

"प्रतापगडाला मी येणार म्हणजे येणार," असं सांगून राधाबाई भाकरी थापायला बसल्या. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्या एका खोलीत तिघं राहायची. राधाबाई, त्यांचा मुलगा रामजी आणि सून बकुळा. नवराबायको दोघंही परळच्या एकाच गिरणीत, तो रिंग खात्यात, ती वाइंडिंगला. नोव्हेंबरच्या शेवटी पंतप्रधान प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला येणार होते, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं घाटात काळी निशाणं घेऊन उभं राहायचं ठरवलं होतं. चाळीतून बायकांचा जथा निघणार होता. त्यात बकुळा होतीच. राधाबाईंना मात्र त्यात कुणी मोजलं नव्हतं. आदल्या वर्षी मोर्चात पकडल्या गेल्या तेव्हा त्या कोठडीच्या फरशीवर निजल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांची कंबर जी धरली ती धरलीच. जरा गारठा लागला की सकाळी भिंतीला हात टेकल्याशिवाय उठता येत नसे.

"आई, तिथं घाटात उघड्यावर निजायचंय," रामजी म्हणाला. "पुढं चढणीला चालायचं. तुझी गादी कोण वाहणार?"

"गादी मागितली का मी? तुझा बाप महाडच्या तळ्याला गेला, तवा तू पोटात होतास म्हणून मी ऱ्हायले. आता वाट महाडावरनंच हाय. आता कोण हाय माझ्या पोटात?"

रामजी बायकोकडे वळला. "बकुळे, हिच्या कंबरेला थंडी बाधणार नाही आणि हिला स्वतःला उचलता येईल, असं अंथरूण करून दाखव. मग जा दोघी."

असलं अंथरूण जगात नसतं, या भरवशावर तो बोलला होता. पण बकुळाच्या डोक्यात एक भुंगा वर्षभर गुणगुणत होता. त्या कोठडीत तीही होती. सासूच्या अंगाखाली तिनं आपली जाड गोधडी दुहेरी घालून दिली होती, तरी म्हातारी कुडकुडत राहिली. पलीकडची एक बाई मात्र नुसत्या वर्तमानपत्रांच्या चवडीवर पडून घोरत होती. जाड गोधडी हरते आणि कागद जिंकतो, हे कसं काय? बकुळानं तेव्हा दोघीतिघींना विचारलं होतं. "तिची हाडंच तसली," असं उत्तर मिळालं होतं. ते काही तिला पटलं नव्हतं.

मुंबईत घाटातली थंडी आणायची कुठून? शेजारच्या खोलीतला जगदीश दादरच्या मासळी बाजारात बर्फाच्या गाडीवर होता. बकुळानं त्याला गाठलं. रविवारी दुपारी त्यानं भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लादी गच्चीवर आणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली. "वहिनी, सरबत करायचंय का?" त्यानं विचारलं.

"बसायचंय," बकुळा म्हणाली.

गच्चीत शेजारच्या गंगुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या; राधाबाईंसकट चारदोन बायका बघायला जमल्या होत्या. बकुळानं गंगुबाईंचंच सूप घड्याळ म्हणून धरलं. लादीवर दुहेरी गोधडी टाकून ती बसली, तर अर्धं सूप निवडून व्हायच्या आत ओला गारवा लुगड्यातून आत शिरला. तिनं गोधडी उचलून पाहिली. खालची बाजू चिंब झाली होती आणि जिथं ती बसली होती तिथं कापूस चपटा होऊन पापडासारखा झाला होता. मग तिनं गोधडीखाली मेणकापड घातलं. ओल थांबली, पण थंडी थांबली नाही. मेणकापड वर आणि गोधडी खाली घेतल्यावर तर गोधडी पुन्हा भिजली. ओल खालून येते, तेव्हा मेणकापडाची जागा खालीच, एवढं पक्कं झालं. आता मेणकापडावर वर्तमानपत्रं आली. सपाट घड्या घातल्या तेव्हा गारवा लागेपर्यंत सूप निम्म्यावर गेलं. तेच कागद आधी चुरगाळून, मग हातानं सैलसर सरळ करून रचले, तर गंगुबाईंचं सूप संपलं आणि दुसरं सुरू झालं तरी बकुळा बसलेलीच.

"ऊठ गं बाई, गोठशील," गंगुबाई म्हणाल्या.

"काहीच लागत नाही हो!" बकुळाचे डोळे चमकत होते. ती सासूकडे वळली. "आत्याबाई, तुम्ही आडव्या होऊन बघा."

वर घोंगडी टाकून राधाबाई खरंच आडव्या झाल्या. लादी कंबरेपर्यंतच पुरली, म्हणून पाय एका खोक्यावर ठेवले. तेव्हा गंगुबाईंच्या हातून सूपच निसटलं. "अहो राधाबाई, बर्फावर मढं निजवतात! जित्या माणसानं कशाला..."

"मग मेल्यावर नवं वाटायचं न्हाई," राधाबाई आकाशाकडे बघत म्हणाल्या.

नेमका त्याच वेळी रामजी जिना चढून वर आला. आई डोळे मिटून बर्फाच्या लादीवर पडलेली आणि भोवती बायका जमलेल्या, हे पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो जवळ धावला तशी म्हातारीनं एक डोळा उघडला. "गप ऱ्हा. परीक्षा चाललीय."

त्यांना उठवल्यावर बकुळानं एकेक थर काढला आणि उघड्या बर्फावर तळहात फिरवला. एका जागी हात थबकला. पुन्हा खाली थबकला. म्हातारीचे खांदे होते तिथं आणि कंबर होती तिथं, बर्फात दोन उथळ खळगे पडले होते. बाकी पृष्ठभाग सपाट होता.

"हे बघा," तिनं नवऱ्याचा हात धरून खळग्यात ठेवला. "आत्याबाईंची ऊब इथून गळाली. जिथं भार, तिथं थर दबतो. म्हणजे सगळीकडे जाड करायची गरजच नाही. इथं आणि इथं दुप्पट. गुडघ्याखाली तर नुसतं मेणकापडसुद्धा चालेल."

रामजीनं दुसराही खळगा चाचपून पाहिला. मग म्हणाला, "मेणकापड काट्याकुट्यात फाटेल. त्याच्याही खाली गोणपाट लागेल तुला." त्याच संध्याकाळी गिरणीच्या नाक्यावरून एक धुतलेलं पोतं त्यानं स्वतःच आणलं. घोंगडी मात्र एकच होती, आणि अंगाखाली नि अंगावर दोन्हीकडं हवी होती. ती त्याच्या वडिलांची होती. कापायचं कुणी बोलेना, तेव्हा राधाबाईंनीच कात्री घेतली आणि मधोमध चालवली. "अर्धी खाली, अर्धी वर," त्या म्हणाल्या. "त्यांची एवढीच ऊब हाय, ती दोन्ही अंगांनी घेते."

ट्रकनं महाडपर्यंत गेल्यावर राधाबाई चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरल्या. ओंजळीनं पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं. बकुळाला वाटलं काहीतरी बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "गोड हाय," आणि अंथरुणाची गुंडाळी पाठीवर टाकून ट्रककडे चालू लागल्या.

पोलादपूरच्या पुढं चढणीच्या पायथ्याला, भातकापणी झालेल्या खाचरांत मुक्काम पडला. दिवस कलताच जमीन गार पडू लागली. बकुळानं गोणपाट, मेणकापड, कागद आणि घोंगडी असे थर लावले. शेजारी गिरगावातल्या शाळेत शिकवणाऱ्या सुमतीबाई अंगावर शाल घट्ट ओढून बसल्या होत्या. त्यांची वळकटी इतकी जड झाली होती की ती ट्रकमध्येच राहिली होती, आणि ट्रक महाडला परतला होता.

"या इकडं मास्तरीणबाई," राधाबाईंनी हाक मारली.

"नको, तुम्हांलाच पुरायचं नाही."

खरंच पुरत नव्हतं. दोघींच्या कंबरा थरांच्या कडेवर येत होत्या. बकुळा इकडंतिकडं बघत उभी राहिली. बांधाशी एक गावची बाई पेंढ्याच्या उडवीतून गुरांसाठी पेंढा ओढत होती. बकुळानं मागितला, तसं तिनं दोन मोठे भारे टाकले. "घ्या की. आम्ही तर पोरंबी ह्याच्यावरच निजवतो."

बकुळानं पेंढ्याची एक काडी उचलली, दातांनी तोडली आणि डोळ्याला लावली. पलीकडं आभाळाचा ठिपका दिसला.

"सुमतीबाई, ही आतून पोकळ आहे!"

सुमतीबाईंनी काडी घेऊन फुंकर मारली. "हो की. आत कोंडलेली हवा असणार. हवा हलली नाही तर तिच्यातून थंडी सहजासहजी जात नाही."

"म्हणजे चुरगाळलेल्या कागदांतही हवाच!" बकुळानं काडी परत घेतली. वर्षभराचा भुंगा असा एका काडीवर येऊन टेकेल, असं तिला वाटलं नव्हतं. "आणि दबलेल्या गोधडीत ती राहतच नाही."

"हे मी मुलींना पुस्तकातून शिकवते," सुमतीबाई हसून म्हणाल्या. "पण आपल्या वळकटीत काय बांधावं, ते काही सुचलं नाही बघा."

दोघींनी मिळून सगळं अंथरूण पुन्हा उचकटलं. खाली हातभर पेंढा पसरला, त्यावर गोणपाट आणि बाकीचे थर. तिघी दाटीवाटीनं मावल्या. मधे म्हातारी.

उजाडलं तेव्हा शेतावर दव पांढरं पसरलं होतं. बकुळा दचकून उठली, कारण मधली जागा रिकामी होती. राधाबाई बांधावर उभ्या होत्या, कुणाचा आधार न घेता, आणि समोरच्या डोंगराकडे पाहत दात घासत होत्या.

"कंबर?" बकुळानं विचारलं.

"हाय जागच्या जागी. मान आखडलीय पण. उशीचं कुणी बघितलंच न्हाई."

दिवस वर आला तसा घाटाचा रस्ता माणसांनी भरून गेला. तिघीही एका वळणावर दरडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. गाड्यांचा ताफा आला, काळी निशाणं फडफडली आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशा गर्जनेनं दरी घुमली. राधाबाई टाचा उंचावून ओरडत होत्या. गाड्या वळणाआड गेल्या, तरी त्यांचं ओरडणं थांबलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर राधाबाईंचा आवाज पार बसला होता. सुमतीबाईंनी न विचारता गुंडाळी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोन पावलं गेल्यावर ती हातात तोलून पाहिली. "एवढी हलकी?" त्या म्हणाल्या. राधाबाईंनी मान डोलावली आणि उताराला लागलेल्या बायकांच्या पुढं निघून गेल्या.