रेघ मारलेल्या ओळी

आमच्या धाकट्याला सजवलेल्या मेलचं वावडं. कंपनीच्या मशीनरूममध्ये बसतो, फोन बाहेर कपाटात बंद, आणि मेल वाचणार काळ्या पडद्यावर. नुसती अक्षरं. "ताई, रंग, चित्रं, सगळे नखरे गळून पडतात, मजकूर तेवढा उरतो. डोळ्यांना आराम," असं कौतुकानं सांगायचा. म्हटलं, तुझं तूच जाणे बाबा.

माझा जन्म हिशेबखात्यात गेला. आमच्याकडे चुकलेलं पुसत नाहीत, त्यावर रेघ मारतात आणि खाली नवं लिहितात. बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्याला मी मेलही तशाच करायचे. कालच्या ओळींवर रेघ, खाली आजची हकिगत. तो नेहमी शेवटची ओळ वाचायचा, म्हणून कधी काही अडलं नाही.

बुधवारी लिहिलं, "ताप उतरला. थोडं दूध घेतलं. घाई नको, शनिवारी ये."

गुरुवारी सकाळी बाबांना धाप लागली. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बाबांचा जीव अडकला होता तो धाकट्यात. त्याचा फोन कोणी उचलेना. मला वाक्य म्हणून सुचेना. बुधवारच्या ओळींवर रेघ मारली आणि तशीच पाठवून दिली. दूध खोडलं, शनिवार खोडला, आणखी काय सांगायचं?

उत्तर आलं, "बरं ताई. शनिवारी येतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, बाप चाललाय आणि तुझा शनिवार सुटत नाही! पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही मी त्याला.

"येतोय का तो?" बाबांनी विचारलं.

"शनिवारी म्हणतोय."

"रजा मिळाली नसेल. त्याला बोलू नकोस हं."

दुपारी ते गेले.

कपाटातून फोन काढल्यावर माझे कॉल दिसले, तसा धाकटा संध्याकाळी धापा टाकत आला. मी दारातच तोंडाला येईल ते बोलले. त्यानं लॅपटॉप उघडून माझी मेल समोर धरली. काळ्या पडद्यावर तीन स्वच्छ ओळी. ताप उतरला, दूध घेतलं, शनिवारी ये. रेघ कुठेच नव्हती.

माझी रेघही त्या नखऱ्यांबरोबर गळून पडली होती. दोघांनाही रडू येईना.

तो म्हणाला, "ताई, बाबांनी माझं विचारलं होतं?"

"नाही रे," मी म्हटलं. "शुद्धीतच नव्हते."