बेडकाचा धडा

"सगळ्या विषयांत ए श्रेणी! आणि हिला वाचायला शिकवणारी खास शिक्षिका हवी?" मुख्याध्यापिका क्रूगरबाई हसल्या.

ब्रेनाने लेकीला, ऑडीला, पुढे केलं. आज नकार मिळाला, तर वर्षभर पुन्हा ब्रेनालाच रोज धडे वाचून दाखवावे लागणार होते. ऑडीला अक्षरं लागत नव्हती; ऐकलेलं मात्र तोंडपाठ व्हायचं.

"ऑडी, बेडकाचा धडा वाच गं," म्हणत ब्रेनाने पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं.

ऑडीने खणखणीत सुरुवात केली. बाई कौतुकाने मान डोलावू लागल्या. ब्रेनाने हळूच दोन पानं उलटली. चित्रात ज्वालामुखी भडकला, तरी ऑडीचा बेडूक टुणटुण उड्या मारतच राहिला.

बाईंची मान थांबली.

"आई, ज्वालामुखी तू अजून वाचून दाखवलाच नाहीस!" ऑडी कुरकुरली.

"ते ए माझे आहेत, बाई," ब्रेना म्हणाली. "मी पास झाले. आता हिला शिकवा."

बाईंनी लगेच खास शिक्षिकेला बोलावणं धाडलं.